आखडलेला हात

शेवटचा हप्ता गेला की घरात पेढे येतात. देवापुढे ठेवले जातात, नातेवाइकांना फोन होतात, वीस वर्षं कपाटात असलेली कर्जाची फाईल एकदाची वर माळ्यावर जाते. मग दोन-तीन महिने जातात आणि एक गोष्ट जाणवू लागते, जी बहुतेक जण कुणापाशी बोलत नाहीत. पगार तोच आहे, हप्ता थांबला आहे, महिनाअखेरीला खात्यात पैसे शिल्लक राहत आहेत. तरीही साडेचारशेची चप्पल घेताना जिवावर येतं. हॉटेलात मेन्यूकार्ड उघडलं की नजर पदार्थाच्या आधी किमतीवर जाते. टॉवेल विरला आहे, पण "अजून सहा महिने सहज निघतील." मुलगी कॉलेजच्या सहलीचं विचारते तेव्हा तोंडातून आधी "कशाला?" निघतं. आपल्याकडे पैसे आहेत, हे त्यानंतर आठवतं.

कर्ज कसं फेडावं हे सांगणारे पुष्कळ भेटतात. ते फिटल्यावर पैसे कसे खर्चावेत हे कुणी सांगत नाही, कारण ते आपोआप जमेल असं सगळे धरून चालतात. ते आपोआप जमत नाही. मोडलेल्या हाताचं प्लास्टर काढलं तरी हात लगेच डोक्यापर्यंत जात नाही. हाड सांधलेलं असतं, पण सांधा आखडलेला असतो आणि स्नायू बारीक झालेले असतात. त्यात हाताची चूक नसते आणि प्लास्टरचीही नसते. तेवढे दिवस न हलणं हेच त्या हाताचं काम होतं. पुढे रोज थोडा थोडा व्यायाम करून तो मोकळा करावा लागतो. कर्जाच्या काळात खर्चाला घातलेला आवरही तसाच कामाचा होता. तो सैल कसा करायचा, तेही शिकूनच घ्यावं लागतं.

हे प्रकरण त्यांच्यासाठी आहे, ज्यांचं कर्ज खरोखर फिटलं आहे आणि ज्यांचं उत्पन्न चालू आहे. त्यांनी आता खर्च करायला शिकणं हा उधळेपणा नाही. ज्या आयुष्यासाठी कर्ज फेडलं, ते जगायला घेण्याचा तो भाग आहे.

कर्ज मनाला काय शिकवतं

तीस लाखांचं गृहकर्ज, साडेआठ टक्के व्याज, वीस वर्षांची मुदत: हप्ता येतो साधारण २६ हजार. असे २४० हप्ते भरले की बँकेत एकूण सुमारे साडेबासष्ट लाख जातात. मुद्दलापेक्षा व्याजच जास्त. या २४० महिन्यांत मन एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायला शिकतं: "हप्त्याच्या तारखेला खात्यात तेवढे असतील ना?" भाजी, औषध, लग्नाचा आहेर, रिक्षा, प्रत्येक खर्च या प्रश्नाच्या चाळणीतून जातो.

या सततच्या हिशेबाचं ओझं किती असतं, हे सेंथिल मुल्लैनाथन, एल्डर शफीर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांबरोबर केलेल्या अभ्यासातून दाखवलं. तो २०१३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात छापून आला. ४६४ शेतकऱ्यांची बुद्धीची चाचणी त्यांनी दोनदा घेतली. पहिली उसाच्या तोडणीआधी, जेव्हा हातात पैसा नसतो आणि दागिने गहाण टाकावे लागतात, उसनवारी करावी लागते. दुसरी तोडणीनंतर, पैसे हाती आल्यावर. माणूस तोच, पण तोडणीआधी त्याची कामगिरी स्पष्टपणे कमी भरली. अक्कल कुठेच गेलेली नव्हती, पैशाच्या विवंचनेने तिच्यातला वाटा खाल्ला होता.

कर्ज उतरलं की हे ओझं हलकं होतं, याचाही पुरावा आहे. सिंगापूरमध्ये एका धर्मादाय संस्थेने दीर्घकाळ कर्जात असलेल्या गरीब कुटुंबांची देणी फेडली. ओंग, थेसेरा आणि एनजी या संशोधकांनी त्यातल्या १९६ जणांची आधी आणि काही महिन्यांनी पुन्हा पाहणी केली. हा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. लोकांची चिंता कमी झाली होती, लक्ष सुधारलं होतं, निर्णयही शांतपणे होऊ लागले होते. त्यातली एक बाब आपल्या फार कामाची आहे. मदतीची रक्कम सारखी असली तरी ज्यांची जास्त खाती पूर्ण बंद झाली, त्यांना जास्त आराम पडला. मनावर भार रकमेइतकाच उघड्या खात्यांचाही असतो. "इथलं काही देणं उरलेलं नाही" हे मनाला पक्कं कळावं लागतं.

पण मन सुटलं तरी सवय सुटत नाही. उल्रिके माल्मेंडिअर आणि लेस्ली शेन या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या कुटुंबांच्या खर्चाचा अभ्यास केला. बेकारीचे, ओढाताणीचे दिवस ज्यांनी पाहिले होते, ते पुढे उत्पन्न सुधारल्यावरही कमी खर्च करत होते आणि स्वस्त वस्तूंकडे वळत होते. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीत हे प्रत्येकाने पाहिलं आहे. रेशनच्या रांगेत उभं राहून वाढलेली माणसं दोऱ्याचा तुकडा आणि रिकामी बरणी टाकत नाहीत. मागच्या दिवसांनी जो धडा दिला, तो पुढचे चांगले दिवस आल्याने आपोआप पुसला जात नाही.

काटकसर आणि आखडलेपणा

इथे एक फरक नीट समजून घ्यायला हवा. त्याशिवाय पुढचा सगळा सल्ला चुकीच्या माणसाला लागू होईल.

स्कॉट रिक, सिंथिया क्रायडर आणि जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी तेरा हजारांहून अधिक लोकांच्या खर्चाच्या सवयी तपासल्या आणि २००८ मध्ये निष्कर्ष मांडले. खर्च करताना ज्यांना प्रमाणाबाहेर त्रास होतो, असे लोक उधळ्या लोकांपेक्षा संख्येने जास्त निघाले. आणि हे लोक म्हणजे काटकसरी लोक नव्हेत. काटकसरी माणसाला वाचवण्यात आनंद मिळतो. जुन्या साडीची गोधडी शिवण्यात, हापूसचा भाव उतरेपर्यंत थांबण्यात त्याला मनापासून समाधान असतं. आखडलेल्या माणसाला वाचवण्यात विशेष आनंद नसतो. त्याला पैसे देताना दुखतं आणि ते दुखणं टाळण्यासाठी तो थांबतो. घ्यायला हवं होतं, हे त्यालाही नंतर जाणवतं.

स्वतःला तपासायला एक साधा प्रश्न पुरतो. एखादी गोष्ट न घेता दुकानातून बाहेर पडलात, तर समाधान वाटतं की नुसती सुटका वाटते? समाधान वाटत असेल, तर तो तुमचा स्वभाव आहे आणि त्याला हात लावायचं कारण नाही. सुटका वाटत असेल, घरी आल्यावर ती गोष्ट मनात घोळत राहत असेल, तर तिथे भीती काम करते आहे.

याच संशोधकांनी एक छोटा प्रयोग केला. एक वस्तू लवकर पोचवण्यासाठी पाच डॉलर जादा द्यायचे होते. काहींना नुसतं "पाच डॉलर शुल्क" असं सांगितलं, काहींना "पाच डॉलरचं छोटं शुल्क". उधळ्या लोकांवर या शब्दांचा परिणाम झाला नाही. आखडलेले लोक मात्र "छोटं" हा शब्द ऐकून पैसे द्यायला अधिक तयार झाले. रक्कम काहीच बदललेली नव्हती. म्हणजे हे दुखणं खिशाचं कमी आणि रकमेकडे पाहण्याच्या रीतीचं जास्त असतं. रीत बदलता येते, आणि म्हणूनच या प्रकरणाला अर्थ आहे.

डोक्यातले जुने भाव

हात आखडण्याचं आणखी एक कारण निव्वळ गणिताचं आहे. वर्षानुवर्षं ज्या गोष्टी घेतल्याच नाहीत, त्यांचे भाव डोक्यात जुनेच राहतात. महागाई वर्षाला पाच टक्के धरली, तर वीस वर्षांत शंभराची वस्तू सुमारे दोनशे पासष्टची होते. कर्ज काढलं त्या वर्षी चौघांचं जेवण ज्या रकमेत व्हायचं, ती रक्कम आजही मनात पक्की असते. बिल येतं आणि लूट झाल्यासारखं वाटतं. लूट कुणी केलेली नसते, मधल्या काळात भाव चढलेले असतात आणि पगारही वाढलेला असतो. पगाराची वाढ आपण दर वर्षी पाहिली, हौसेच्या वस्तूंच्या भावांची पाहिली नाही.

यावर उपाय सोपा आहे. काहीही न घेण्याच्या बोलीवर एक दिवस बाजार फिरून या. चपला, चादरी, चष्म्याच्या फ्रेम, नाटकाचं तिकीट, रेल्वेचं थ्री-टिअर एसीचं भाडं, कोकणातल्या घरगुती निवासाचा एका रात्रीचा दर, सगळं वहीत टिपून आणा. आजचा भाव एकदा डोक्यात बसला की बिलाचा धक्का निम्मा उतरतो.

आधी कागद पुरे करा

मनाला "देणं उरलेलं नाही" हे पक्कं कळावं लागतं, असं वर म्हटलं. त्याची सुरुवात कागदांपासून होते. बँकेकडून कर्ज पूर्ण फिटल्याचा दाखला घ्या. घराची मूळ कागदपत्रं परत घ्या. रिझर्व्ह बँकेच्या १३ सप्टेंबर २०२३ च्या आदेशानुसार, १ डिसेंबर २०२३ पासून, कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागदपत्रं परत देणं बँका आणि वित्तसंस्थांवर बंधनकारक आहे. त्यांच्यामुळे उशीर झाला तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई कर्जदाराला द्यावी लागते. वाहनकर्ज असेल तर बँकेचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ घेऊन आरटीओत आरसीवरची बँकेची नोंद काढून घ्या. शेतजमिनीवर कर्ज असेल तर सातबाऱ्यावरचा बोजा तलाठ्याकडे फेरफार करून कमी करून घ्या. हप्त्यासाठी बँकेला दिलेली खात्यातून पैसे वळते करण्याची परवानगी रद्द झाली आहे ना, तेही पाहा.

मग पतअहवाल काढा. सिबिलसारखी प्रत्येक पतमाहिती कंपनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट देते. त्यात कर्जापुढे 'क्लोज्ड' असं हवं. 'सेटल्ड' असेल तर त्याचा अर्थ पूर्ण रकमेपेक्षा कमी घेऊन तडजोड झाली असा निघतो. तुम्ही पै न् पै भरली असेल, तर ती नोंद दुरुस्त करून घ्या. ही सगळी कामं कंटाळवाणी आहेत, पण रात्री अचानक "एखादा हप्ता राहिला तर नसेल?" असं वाटलं की उत्तर द्यायला कागद हाताशी असतो.

रोजचा व्यायाम

आता सुटलेल्या २६ हजारांकडे या. सगळ्यात मोठी चूक म्हणजे ते बचत खात्यात नुसतेच पडू देणं. ज्या पैशाला काम नेमून दिलेलं नाही, त्यातला एक रुपयाही आखडलेल्या माणसाला खर्चवत नाही, कारण तो प्रत्येक रुपया त्याला अडीअडचणीचा वाटतो. म्हणून आधी अडीअडचणीचा वाटा वेगळा काढा आणि मग उरलेल्याला मोकळं करा.

समजा, घराचा महिन्याचा खर्च ४० हजार आहे. सहा महिन्यांची तरतूद म्हणजे २ लाख ४० हजार. सुटलेल्या हप्त्यातून महिना १० हजार त्यासाठी ठेवले, तर बरोबर दोन वर्षांत ती पुरी होते. ८ हजार म्हातारपणासाठी गुंतवा. ५ हजार तुंबलेल्या कामांसाठी. आणि उरलेले ३ हजार हौसेसाठी. आकडे तुमच्या घराप्रमाणे बदलतील. चार वाटे मात्र ठेवा, आणि हौसेचा वाटा शून्य करू नका.

तुंबलेल्या कामांपासून सुरुवात करणं सोपं जातं, कारण तिथे गरज उघड दिसते. कर्जाच्या काळात पुढे ढकललेल्या गोष्टींची यादी करा: दुखरी दाढ, बदललेला चष्म्याचा नंबर, पाठ धरणारी गादी, ओल येणारी भिंत, वाढवायचा राहिलेला आरोग्य विमा. यातली बरीच कामं ढकलली की महागच होतात. आज भरून भागणाऱ्या दाढेला उद्या रूट कॅनल लागतं. दर महिन्याला यादीतलं एक काम उरका आणि त्यावर रेघ मारा. पैसे गेले, पण काही वाईट झालं नाही, हे मनाला असं महिन्यामागून महिना कळत जातं.

हौसेच्या तीन हजारांसाठी वेगळं खातं ठेवा. नोबेल पारितोषिक मिळालेले अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर यांनी दाखवून दिलं की माणसं मनातल्या मनात पैशाचे कप्पे करतात आणि एका कप्प्यातला पैसा दुसऱ्यात नेताना अडखळतात. याच सवयीचा इथे उपयोग करून घ्यायचा. पगार झाला की तीन हजार त्या खात्यात आपोआप जावेत आणि त्याच खात्याला जोडलेल्या यूपीआयने हौसेचे खर्च व्हावेत. तिथून दिलेले पैसे घरखर्चाचेही नाहीत आणि अडीअडचणीचेही नाहीत. ते याच कामासाठी आधी वेगळे झालेले आहेत.

ड्राझेन प्रेलेक आणि जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी १९९८ मध्ये मांडलेली एक गोष्ट इथे उपयोगी पडते. सहलीसारख्या आनंदाचे पैसे आधी देऊन झालेले असले की तो आनंद मोकळेपणाने घेता येतो. नंतर द्यायचे असले की मजेच्या मधेच पैशाची आठवण टोचत राहते. म्हणून गाडीचं आरक्षण, राहण्याचं भाडं, नाटकाची तिकिटं आधी काढा. वरखर्चाची रक्कमही निघण्याआधी ठरवून वेगळी काढा. मग त्या दोन दिवसांत हिशेब करायचं काही उरत नाही.

एक नियम पहिले सहा महिने कसोशीने पाळा: हौसेची रक्कम त्याच महिन्यात संपली पाहिजे. मोठ्या गोष्टीसाठी साठवायची असेल तर त्या गोष्टीचं नाव आणि महिना लिहून ठेवा. "राहू दे, पुढे कामाला येतील" हे या खात्याला चालणार नाही. आणि दर महिन्याच्या शेवटी, कोणता खर्च आवडला आणि कोणता उगाच झाला, ते दोन ओळींत लिहा. काही खर्च फसतील, तेवढं गृहीत धरा. कशात आनंद आहे हे इतकी वर्षं तपासलंच नव्हतं, आता ते खर्च करून पाहिल्यावरच कळेल.

घरातली माणसं

कर्ज एकाच्या नावावर असतं, पण ते सगळं घर फेडतं. घरात कुणीतरी एक जण "नाही" म्हणायचं काम करत आलेलं असतं. बहुतेक वेळा ती आई असते. दुकानात मुलांचा हात धरून पुढे चालणारी तीच, स्वतःसाठी दिवाळीला काही न घेणारीही तीच. हप्ता संपल्यावर घरातल्यांनी तिला "आता कशाला एवढी काटकसर?" असं हसून म्हणू नये. तिच्या त्या "नाही"वर हे घर उभं आहे. सगळ्यांनी एकदा बसून तिला तसं सांगावं आणि पुढचे निर्णय एकीवर न टाकता वाटून घ्यावेत. हौसेच्या वाट्यातली ठराविक रक्कम प्रत्येकाच्या नावावर असावी आणि तिचा जाब कुणी कुणाला विचारू नये.

मुलांकडे विशेष लक्ष द्या. कर्जातल्या घरात वाढलेली मुलं फार लवकर "मला नकोच" म्हणायला शिकतात. लोक त्यांना समजूतदार म्हणतात. त्यांना खरं काय हवं आहे, हे त्यांनाही सांगता येईनासं होतं. त्यांना घराचा हिशेब दाखवा: हप्ता किती होता, तो संपला, आता पैसे कुठे जातात. भीती ज्या आकड्यांतून त्यांच्यापर्यंत पोचली, दिलासाही त्याच आकड्यांतून पोचू द्या.

दुसऱ्या टोकाला जाऊ नये म्हणून

काहींचा हात उलटा एकदम सुटतो. इतकी वर्षं दाबलेलं सगळं एका दिवाळीत बाहेर येतं. बँकांनाही तुमची चांगली परतफेड दिसत असते, त्यामुळे 'मंजूर झालेल्या' नव्या कर्जाचे फोन याच सुमारास सुरू होतात. निदान एक वर्ष कुठलाही नवा हप्ता घेऊ नका, मग तो फोनचा असो वा सोफ्याचा. जे घ्यायचं ते साठलेल्या पैशातून घ्या. हौसेच्या वाट्याला वरची मर्यादा आहे म्हणूनच तो निर्धास्तपणे खर्चता येतो. उत्पन्न अनिश्चित असेल, घरात मोठं आजारपण असेल, तर अडीअडचणीचा वाटा आधी वाढवा. तेव्हा हात राखून ठेवणं हा आखडलेपणा नाही, तो शहाणपणा आहे.

आणि कधी कधी भीती या सगळ्याच्या पलीकडची असते. तरतूद पुरी आहे, कागद पुरे आहेत, तरी रात्री झोप लागत नाही, खात्यातली शिल्लक दिवसातून कितीदा तरी पाहिली जाते, औषधावरचा खर्चही टाळला जातो. वसुलीचे फोन, दारात झालेला अपमान सोसलेल्यांच्या बाबतीत असं होऊ शकतं. अशा वेळी समुपदेशकाची मदत घ्या. सरकारच्या 'टेलिमानस' या सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क आहे आणि तिथे मराठीतूनही बोलता येतं.

कशाचा पश्चात्ताप उरतो

रान किवेत्झ आणि अनात कैनन यांनी २००६ मध्ये पश्चात्तापाचा अभ्यास मांडला. नुकतीच सुट्टी संपवून आलेल्या विद्यार्थ्यांना अभ्यास, काम आणि बचत केली नाही याचा पश्चात्ताप होत होता. वर्षभरापूर्वीच्या सुट्टीबद्दल विचारल्यावर मात्र मजा केली नाही, हिंडलो नाही, याचीच हळहळ जास्त होती. चाळीस वर्षांपूर्वीच्या सुट्ट्या आठवणाऱ्या माजी विद्यार्थ्यांमध्ये ती आणखी वाढलेली दिसली. उधळपट्टीची टोचणी काळाबरोबर बोथट होते, हातचा सोडलेला आनंद मात्र दिवसेंदिवस जास्त सलतो.

वीस वर्षं तुम्ही प्रत्येक रुपया उद्यासाठी राखलात आणि ते योग्यच होतं. तो उद्या आता आला आहे. आई-वडील प्रवास करू शकतील अशी वर्षं थोडी आहेत, मुलं तुमच्याबरोबर सहलीला येतील अशी वर्षं त्याहून थोडी. बँकेचं देणं फिटलं, पण स्वतःचं आणि घरच्यांचं एक देणं या सगळ्या काळात थकलं आहे. त्याला व्याज लागत नाही, मुदत मात्र आहे. म्हणून या महिन्याचे तीन हजार याच महिन्यात खर्च करा.